कोलेस्टेरॉलची गोळी आणि वर्धेकरांचे ताट

कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी लिहून दिली, की रुग्ण औषधाच्या दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ती जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर हा, आणि दुकानदारही बहुधा 'रात्री जेवण झाल्यावर' असे ठरलेले उत्तर देऊन पाकिटावर पेनाने खूण करून देतो. हे उत्तर सहसा चुकीचे नसले तरी अपुरे असते. कारण या औषधांचे प्रकार अनेक आहेत, आणि त्यांपैकी काहींना जेवणाशी काहीच देणेघेणे नसते, काही जेवणासोबतच घ्यावी लागतात, तर काहींचे एखाद्या विशिष्ट फळाशी हाडवैर असते. शिवाय गोळी कोणत्या वेळी घेतली यापेक्षा ताटात रोज काय पडते याचा परिणाम रक्ततपासणीच्या अहवालावर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत अधिक होतो, आणि या दुसऱ्या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतील संत्र्यांच्या बागा, घरोघरची जवसाची चटणी, समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद, गाईच्या तुपातला गोरसपाक आणि मगनवाडीत झालेले तेलघाणीचे प्रयोग या सर्वांमुळे वर्धा जिल्ह्यात हा विषय केवळ औषधशास्त्राचा न राहता रोजच्या जेवणाचा होतो.

गोळी नेमके काय करते

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ पेशींच्या आवरणासाठी, काही संप्रेरकांसाठी आणि पित्तरसासाठी आवश्यक असतो, आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते; अन्नातून येणारा वाटा त्या मानाने कमी असतो. रक्त पाणीदार असल्याने हा स्निग्ध पदार्थ त्यात विरघळू शकत नाही, म्हणून तो प्रथिनांच्या वेष्टनात बांधला जाऊन रक्तातून वाहून नेला जातो. या वाहक कणांपैकी कमी घनतेच्या कणांना एलडीएल म्हणतात. त्यांची संख्या दीर्घकाळ जास्त राहिली, की ते रोहिणींच्या, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या, भिंतीत शिरून साचू लागतात आणि पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांना निमित्त होतात. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारी विशिष्ट प्रथिने असतात, ज्यांना ग्राहक किंवा रिसेप्टर म्हटले जाते. त्यांचा शोध लावणारे अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधे स्टॅटिन या गटातील आहेत. जपानी संशोधक अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ सापडला, त्याच वाटेने पुढे लोव्हास्टॅटिन हे औषध तयार झाले आणि १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यानंतरची भावंडे होत. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, स्टॅटिन अडवून धरते. त्यामुळे यकृताला कोलेस्टेरॉलचा तुटवडा भासतो आणि तो भरून काढण्यासाठी यकृत आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांची संख्या वाढवून रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. म्हणजे गोळी आतड्यातली किंवा रक्तवाहिनीतली चरबी धुऊन काढते ही समजूत खरी नाही. ती यकृताला रक्तातून कोलेस्टेरॉल उचलायला भाग पाडते. ग्रामीण भागात या गोळीला अनेकदा 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हटले जाते, तेही बरोबर नाही. हा गैरसमज होण्याचे एक कारण असे, की हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये स्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन एकत्र केलेले असते आणि रक्ताची गुठळी होऊ न देण्याचे काम त्यातील अ‍ॅस्पिरिन करते.

जेवणाआधी की जेवणानंतर

याच अ‍ॅस्पिरिनमुळे 'जेवणानंतरच' हा नियम स्टॅटिनलाही चिकटलेला दिसतो, कारण अ‍ॅस्पिरिन रिकाम्या पोटी घेतल्यास जठराच्या अस्तराला त्रास होऊ शकतो आणि एकत्रित कॅप्सूल घेणाऱ्याने ती जेवणानंतर घेणेच योग्य असते. नुसत्या स्टॅटिनचे तसे नाही. रोसुव्हास्टॅटिन जेवणासोबत घेतले काय किंवा रिकाम्या पोटी घेतले काय, शरीरात शोषल्या जाणाऱ्या एकूण औषधात फरक पडत नाही. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन जेवणासोबत घेतल्यास ते थोडे सावकाश आणि किंचित कमी शोषले जाते, परंतु एलडीएलमध्ये होणारी घट दोन्ही प्रकारे सारखीच राहते. लोव्हास्टॅटिनची साधी गोळी मात्र याला अपवाद आहे, कारण ती रिकाम्या पोटी घेतल्यास जेवणासोबतच्या तुलनेत रक्तातील तिची पातळी सुमारे दोन तृतीयांशच राहते. म्हणून ती संध्याकाळच्या जेवणासोबत घेण्यास सांगितले जाते.

रात्रीच्या वेळेचा आग्रह कोठून आला याचेही उत्तर औषधाच्या स्वभावात आहे. यकृतात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते, आणि सिम्व्हास्टॅटिनसारखी जुनी औषधे काही तासांतच शरीरातून निघून जात असल्याने ती रात्रीच्या सुमारास रक्तात असणे फायद्याचे ठरते. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला सुमारे १९ तास लागतात आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनचा परिणामही दिवसभर टिकतो, त्यामुळे या दोन गोळ्या सकाळी घेतल्या तरी चालतात. पहाटे शेतावर जाणारा आणि रात्री दमून लवकर झोपी जाणारा माणूस रात्रीची गोळी वारंवार विसरत असेल, तर डॉक्टरांना विचारून ती सकाळच्या भाकरीसोबत घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण या औषधाचा लाभ ते वर्षानुवर्षे न चुकता घेण्यावर अवलंबून असतो. एखाद्या दिवशी गोळी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये.

स्टॅटिनखेरीज इतर औषधांचे नियम वेगवेगळे आहेत. एझेटिमाइब हे आतड्यातून कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारे औषध असूनही त्याला जेवणाची वेळ पाळावी लागत नाही. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातील दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढल्यास दिले जाणारे फेनोफायब्रेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याची जुन्या पद्धतीने बनवलेली गोळी जेवणातील स्निग्धांशाच्या आधाराने अधिक शोषली जाते आणि म्हणून ती जेवणासोबतच घ्यावी लागते, तर अतिसूक्ष्म कणांच्या नव्या गोळीला ही अट नसते. स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जात असल्याने, पाकिटावरील नावात 'एफ' हे अक्षर असेल तर जेवणासंबंधीची सूचना दुकानदाराकडून पुन्हा विचारून घ्यावी. कोलेस्टिरामिनसारखी औषधे आतड्यात पित्ताम्लांना बांधून शरीराबाहेर नेतात, पण सोबत घेतलेली इतर औषधेही ती बांधून ठेवतात. त्यामुळे बाकीच्या गोळ्या त्यांच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्याव्या लागतात.

पोटातील आम्लता कमी करणारी, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधे वैदर्भीय घरांत तिखट जेवणानंतर सहज घेतली जातात, आणि रोसुव्हास्टॅटिनसोबतच ती घेतल्यास त्याची रक्तातील पातळी जवळपास निम्म्यावर येते. रात्री झणझणीत रस्सा, त्यावर गोळी आणि पाठोपाठ जळजळीचे गुलाबी औषध असा क्रम ज्यांच्या घरी नित्याचा आहे, त्यांनी या दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवणे आवश्यक आहे.

संत्र्यावर आलेले बालंट

कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्याने लिंबूवर्गीय फळे खाऊ नयेत अशी सूचना परदेशातून आलेल्या माहितीत वारंवार आढळते आणि ती जशीच्या तशी मराठीत आली, की संत्र्याच्या जिल्ह्यातील रुग्ण आपल्याच बागेतले फळ बाजूला सारतो. हा निषेध मुळात संत्र्याला उद्देशून नाही, तर ग्रेपफ्रूट नावाच्या फळाला उद्देशून आहे. नावात द्राक्षाचा उल्लेख असला तरी ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काहीही संबंध नसून, पपनस आणि गोड संत्रवर्गीय फळ यांच्या संकरातून ते कॅरिबियन बेटांवर निर्माण झाले. अमेरिका, कॅनडा आणि युरोपात त्याचा रस न्याहारीला पिण्याची पद्धत आहे. विदर्भाच्या बाजारात ते क्वचितच दिसते.

या फळाचा औषधांवरील परिणाम योगायोगाने उजेडात आला. कॅनडातील लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासत होते, आणि मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. तेव्हा औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक आढळली आणि शोध घेता दोष मद्याचा नसून रसाचा असल्याचे दिसून आले. १९९१ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात याविषयीचा शोधनिबंध आल्यानंतर जगभर या विषयाचा अभ्यास सुरू झाला.

यामागची यंत्रणा समजून घेतली, तर संत्रे का सुटते हेही कळते. तोंडाने घेतलेले बरेचसे औषध रक्तात पोहोचण्यापूर्वीच आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात सीवायपी३ए४ या विकराकडून मोडले जाते. सिम्व्हास्टॅटिनच्या बाबतीत तर गिळलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांहूनही कमी औषध सक्रिय रूपात सर्वसाधारण रक्ताभिसरणात पोहोचते, आणि त्या गोळीतील औषधाचे प्रमाण हा नाश गृहीत धरूनच ठरवलेले असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन नावाची रसायने आतड्यातील हे विकर कायमचे निकामी करतात. शरीराला ते नव्याने तयार करावे लागते आणि त्यासाठी एक ते तीन दिवस जातात, म्हणून गोळी सकाळी आणि रस संध्याकाळी असे अंतर ठेवूनही धोका टळत नाही. फिनलंडमध्ये १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दुप्पट तीव्रतेचा ग्रेपफ्रूटचा रस दिवसातून तीनदा दिल्यावर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यांची पातळी पंधरा-सोळा पटींपर्यंत वाढली, आणि पुढील एका अभ्यासात साध्या रसाच्या रोजच्या एका पेल्यानेही सिम्व्हास्टॅटिन साडेतीन पटींहून अधिक वाढले. औषध इतके वाढल्यास स्नायूंच्या पेशी फुटण्याचा आणि त्यांतील घटकांमुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचा दुर्मिळ परंतु गंभीर धोका संभवतो.

नागपुरी संत्रे मँडरिन या जातीचे असून त्यात ही रसायने चिंता वाटावी अशा प्रमाणात नसतात, आणि मोसंबीचीही तीच गोष्ट आहे. त्यामुळे आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाजारात असताना, केवळ स्टॅटिन सुरू आहे म्हणून ती सोडण्याचे कारण नाही. उलट त्यांतील पेक्टिन हा विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉलला थोडाफार उताराच देतो, अर्थात रस गाळून न पिता फोडी खाल्ल्या तरच. मधुमेही रुग्णाने साखरेचा हिशेब ठेवावा, हे वेगळे. पपनस मात्र ग्रेपफ्रूटचेच पूर्वज असल्याने त्यात फ्युरानोकुमारिने असतात, आणि परदेशी मार्मलेडसाठी वापरल्या जाणाऱ्या कडवट सेव्हिल संत्र्यातही ती आढळतात. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ही फळे टाळणे इष्ट. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनवर परिणाम त्या मानाने सौम्य असून तो मुख्यतः मोठ्या प्रमाणात रस पिणाऱ्यांत दिसतो, तर रोसुव्हास्टॅटिन या विकरावर फारसे अवलंबून नसल्याने ते या वादातून जवळजवळ बाहेर आहे.

ग्रेपफ्रूटपेक्षा आपल्याकडे अधिक सावध राहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. नायटा किंवा गजकर्ण यांवर दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल हेच विकर फार जोरकसपणे अडवतात, तसेच क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही. आणि ही औषधे त्वचेच्या किंवा घशाच्या तक्रारीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडून लिहून घेतली जात असल्याने हृदयाच्या गोळीचा विषय तेथे निघतच नाही. नवे औषध घेताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत नेऊन दाखवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. गोळी सुरू असताना विनाकारण स्नायू दुखू लागले, अंगात त्राण राहिले नाही किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

इसबगोल, जवस आणि हळद

तंतुमय अन्नाचे आणि औषधाचे नाते दुहेरी आहे. पाण्यात फुगून चिकट होणारा विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना अडकवून शरीराबाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि एलडीएल कमी होते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनला रोजच्या १५ ग्रॅम इसबगोलाची जोड दिली असता, नुसत्या २० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनइतकाच परिणाम दिसून आला. दुसऱ्या बाजूने पाहता, पेक्टिन किंवा ओटचा कोंडा मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये लोव्हास्टॅटिनचा परिणाम घटल्याचे १९९१ मध्येच नोंदवले गेले आहे, कारण तंतूच्या चिकट जाळ्यात औषधही अडकून राहते. म्हणून रात्री झोपताना इसबगोल घेण्याची सवय असेल, तर गोळी त्याच पेल्यासोबत न घेता दोन-तीन तास आधी घ्यावी. जेवणातली डाळ, भाजी आणि भाकरी यांना हा नियम लावण्याची गरज नाही. तो एकावेळी चमचा-दोन चमचे घेतल्या जाणाऱ्या केंद्रित तंतूपुरता आहे.

जवस हे विदर्भाचे जुने गळिताचे पीक असून त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्लाचा असतो, आणि दाण्यात विद्राव्य तंतूही पुरेसा असतो. भाजलेल्या जवसाची, लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी भाकरीसोबत रोज खाणे गोळीच्या आड येत नाही, मात्र जवस दातांखाली किंवा खलबत्त्यात फुटला पाहिजे, कारण अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो. चटणीने एलडीएलमध्ये होणारी घट माफक असते. ती गोळीची जागा घेऊ शकत नाही.

वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्यातील कुर्क्युमिनचे प्रमाण चांगले असल्याचे सांगितले जाते. वरणाला किंवा भाजीला लागणारी चिमूटभर हळद कोणत्याही स्टॅटिनसोबत निर्धोक आहे. कुर्क्युमिनच्या केंद्रित कॅप्सूल ही मात्र वेगळी बाब आहे, कारण त्यांत शोषण वाढवण्यासाठी अनेकदा मिरीतील पिपरिन मिसळलेले असते. बंगळुरूतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पिपरिनमुळे माणसात कुर्क्युमिनचे शोषण वीस पटींच्या घरात वाढते, आणि अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडच्या वर्षांत नोंदवली गेली आहेत. स्टॅटिनमुळेही क्वचित यकृतातील विकरांची रक्तातील पातळी वाढत असल्याने, हळदीच्या कॅप्सूल, 'हृदयासाठी' म्हणून विकले जाणारे काढे आणि ज्यांतील घटक छापलेले नसतात अशी चूर्णे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. मद्याच्या बाबतीत तर ही खबरदारी अधिकच लागू पडते.

तेल, तूप आणि मगनवाडीचा वारसा

वर्धा आणि तेल यांचा संबंध केवळ स्वयंपाकघरापुरता नाही. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडीत होते, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते, आणि तेथेच झवेरभाई पटेल यांनी बैलाच्या तेलघाणीत सुधारणा करून 'वर्धा घाणी' या नावाने ओळखली जाणारी घाणी विकसित केली. कारखान्यात तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या वनस्पती तुपाला गांधीजींनी उघड विरोध केला होता. अशा तुपात तयार होणारी ट्रान्स स्निग्धाम्ले एलडीएल वाढवतात आणि एचडीएल या उपकारक कणांतील कोलेस्टेरॉल कमी करतात हे वैद्यकाने पुढे काही दशकांनी सिद्ध केले. भारतात तेल-तुपातील ट्रान्स स्निग्धांशावर दोन टक्क्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे; तथापि, त्याच कढईतले तेल दिवसभर पुन्हापुन्हा तापवून तळलेले आलूबोंडे आणि भजी यांबाबत ग्राहकाने स्वतःच सावध राहिलेले बरे.

संपृक्त स्निग्धांश, म्हणजे तूप, लोणी, साय, पाम तेल यांत भरपूर असणारा आणि थंडीत थिजणारा स्निग्धांश, यकृतावरील एलडीएलच्या ग्राहकांचे काम मंदावतो. स्टॅटिन ज्या ग्राहकांची संख्या वाढवते, त्यांनाच हा स्निग्धांश शिथिल करतो. म्हणजे गोळीने एका हाताने दिलेले ताट दुसऱ्या हाताने काढून घेते. जेवण आणि औषध यांचा खरा संबंध येथे आहे, आणि गोळी घेण्याच्या वेळेपेक्षा तो कितीतरी अधिक परिणामकारक आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएलमध्ये आणखी सुमारे सहा टक्क्यांचीच घट होते असा सर्वसाधारण अनुभव असल्याने, जेवणातील संपृक्त स्निग्धांश आटोक्यात आणून आणि डाळी-भाज्या वाढवून मिळणारी घट ही मात्रा दुप्पट करण्याच्या तोडीची ठरू शकते.

हिशेब मांडून पाहता मुद्दा स्पष्ट होतो. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त स्निग्धांश दहा टक्क्यांखाली ठेवायचा म्हटले, तर तो २२ ग्रॅमपर्यंत जातो, आणि एका मोठ्या चमचाभर तुपातच त्यातले आठ-नऊ ग्रॅम येतात. पुरणपोळीवर तुपाची धार, तुपात बुडवलेले रोडगे आणि चहासोबत दोन गोरसपाक एकाच दिवशी आले, तर मर्यादा दुपारीच संपते. गोळाभातावर कडकडीत फोडणीचे तेल ओतून तो कालवण्याची पद्धत आहे. ते तेल शेंगदाण्याचे, सोयाबीनचे किंवा करडईचे असेल तर त्यात संपृक्त अंश कमी असतो, पण कॅलरी तुपाइतक्याच असतात आणि वजनावाटे त्यांचा परिणाम ट्रायग्लिसराइड्सवर होतो. तेलाच्या डब्यावर छापलेला 'कोलेस्टेरॉल फ्री' हा शिक्का निरर्थक आहे, कारण वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाम तेलावरही तो शिक्का मारता येतो, आणि त्यात मात्र निम्म्याच्या आसपास संपृक्त स्निग्धांश असतो.

गोळी सुरू झाल्यावर पथ्य सुटण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की २००९-१० मधील स्टॅटिन घेणारे लोक दहा वर्षांपूर्वीच्या स्टॅटिन घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक कॅलरी आणि चौदा टक्के अधिक स्निग्धांश खात होते, तर स्टॅटिन न घेणाऱ्यांच्या आहारात तसा बदल झाला नव्हता. गोळीमुळे अहवाल सुधारला, की सावजी रश्शावरची तर्री पुन्हा ताटात येते, यात आश्चर्य नाही. मात्र पुढच्या भेटीत मात्रा वाढवण्याची वेळ आली, तर दोष औषधाला देऊन चालत नाही.

उपवास, सण आणि रक्ततपासणी

एकादशी, श्रावणी सोमवार, हरतालिका आणि नवरात्र या दिवसांत पोट रिकामे म्हणून गोळीही बंद ठेवली जाते, आणि नवरात्रात हा खंड नऊ दिवसांचा होतो. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन नुसत्या पाण्यासोबत घेता येत असल्याने उपवासात ती बंद करण्याचे कारण नाही. रमजानच्या रोज्यात ती इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी घेता येतात. ज्यांच्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आहे किंवा ज्यांना जुन्या प्रकारचे फेनोफायब्रेट दिले आहे, त्यांनी ती फराळानंतर घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रश्न मात्र गंभीर आहे, कारण त्यांतील काही रिकाम्या पोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. म्हणून उपवासाआधी त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घेणे अपरिहार्य आहे. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाट्याचे पापड हा उपवास नावापुरताच असतो. भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी, ताक आणि फळे हा पर्याय धर्माला चालतो आणि हृदयालाही.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते, म्हणून तिच्यासोबतच्या सर्व गोळ्या उपाशीपोटी घेणारेही बरेच जण असतात. स्टॅटिनला त्याची आवश्यकता नाही. पण थायरॉइडची कमतरता हेच कोलेस्टेरॉल वाढण्याचे एक कारण असल्याने, ती गोळी मात्र नेमाने आणि चहाच्या आधी घेतली जाणे महत्त्वाचे आहे.

तपासणीसाठी बारा तास उपाशी राहण्याचा नियमही आता पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही. जेवणाने एलडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही, तर ट्रायग्लिसराइड्स काही प्रमाणात वाढतात. त्यामुळे २०१६ पासून युरोपातील तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी असण्याची सक्ती काढून टाकली. मात्र आदल्या रात्री लग्नाची पंगत झाली असेल किंवा ट्रायग्लिसराइड्स आधीच ४०० मिलिग्रॅमहून अधिक असतील, तर एलडीएल मोजण्याचे नेहमीचे सूत्र चुकीचे उत्तर देते आणि उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी लागते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण चार ते बारा आठवड्यांनी तपासणी करून घेतल्याखेरीज औषध आणि पथ्य लागू पडले की नाही हे समजत नाही; आणि अहवाल चांगला आला म्हणजे आजार बरा झाला असे समजून गोळी थांबवली, तर काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ पदावर येते.

वर्धा जिल्ह्यात या विषयाचा सल्ला मिळण्याची सोय अनेक जिल्ह्यांपेक्षा बरी आहे. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय अशा दोन शिक्षणसंस्था आणि त्यांची मोठी रुग्णालये येथे आहेत, आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने ते जेनेरिक स्वरूपात स्वस्तात मिळते. तेथे जाताना रुग्णाने 'जेवणाआधी की नंतर' एवढ्यावर न थांबता तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या गोळीत नेमकी कोणकोणती औषधे आहेत, त्यांपैकी कोणाला जेवण किंवा अंतर लागते, आणि घरात महिन्याला किती तेल-तूप संपते ते सांगितल्यावर त्यात किती कपात करायची. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकदा मिळाली की पुरतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र घरातल्या सर्वांना मिळून रोज अमलात आणावे लागते, आणि गोळीची मात्रा किती वाढवावी लागेल हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते.